गोव्यात गरम पाण्याची सोय करायची तर आधी पावसाळा बघा

गोव्यात नवीन घर घेतलेल्या माणसाला "न्हाणीत गरम पाण्याचं काय केलंत?" असं विचारलं की बहुतेकदा उलटा प्रश्न येतो, "इथं गरम पाणी लागतं कशाला?" मार्च-एप्रिलात घर बघायला आलेल्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण जुलै येऊ द्या. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, उशीच्या अभ्र्याला कुबट वास, आणि शाळेतून भिजून आलेलं पोर शिंकत दारात उभं. तेव्हा दोन बादल्या कढत पाणी ही चैन राहत नाही. पुढे डिसेंबर-जानेवारीत वाळपई, सांगे, काणकोणच्या बाजूला पहाटे चांगलाच गारठा असतो. खोल्या गरम ठेवायचं यंत्र गोव्यात लागत नाही. इथल्या घराला ऊब हवी असते ती न्हाणीत.

डिचोलीच्या आमच्या घरात ही सोय मी दोनदा करून घेतली, कारण पहिल्यांदा चुकली. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांत उभी राहून हे काम करून घेतलंय. नव्या माणसाने कुठल्या क्रमाने काय बघावं, ते सांगते.

आमच्याकडे पाणी तापवायचा सोलर बसवायला निघालो होतो तेव्हा नळाचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "बाय, पावसांत हें चलचें ना." ऑक्टोबरचं लख्ख ऊन पडलं होतं. मी हसून सोडून दिलं. त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं, आणि ते निम्मं फार महत्त्वाचं होतं. गोव्यात गरम पाण्याची खरी निकड जून ते सप्टेंबर, आणि ऊन नसतं तेही नेमकं तेव्हाच. पुण्या-कोल्हापुराकडचा हिशोब इथे जसाच्या तसा चालत नाही तो एवढ्यासाठी.

पहिलं काम: बादली, थर्मामीटर आणि वही

दुकानात जाण्याआधी घरात किती गरम पाणी लागतं ते मोजा. एका सकाळी प्रत्येकाने किती बादल्या घेतल्या ते लिहा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर असेल तर नळाचं पाणी किती अंशाचं येतं तेही बघा. गोव्यात ते बहुतेक काळ 26-28 अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला आपण घेतो ते विसाण घातलेलं पाणी साधारण 40 अंशांचं. म्हणजे पाण्याला चढवायचे असतात फक्त 12-14 अंश. उत्तर भारतातल्या जानेवारीच्या बर्फगार पाण्याशी याची तुलना नाही.

आता हिशोब मांडा. चार माणसं, दरडोई 30 लिटर, म्हणजे रोजचं 120 लिटर कोमट पाणी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. 120 लिटर 13 अंशांनी तापवायला 1560 किलोकॅलरी, म्हणजे जवळपास 1.8 युनिट. वाटेत वाया जाणारी उष्णता धरून रोजची दोन-सव्वादोन युनिटं समजा. महिन्याला 65-70 युनिटं. तुमच्या वीजबिलावरचा दर याला लावून बघा, आणि मग ठरवा की सोलरवर किती पैसे घालायचे. गोव्यात घरगुती विजेचा दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा कमी आहे, त्यामुळे सोलरचे पैसे वसूल व्हायला इथे जास्त वर्षं लागतात. दोनच माणसांचं घर असेल तर माझं स्पष्ट मत आहे: सोलरच्या फंदात पडू नका, एक चांगला गिझर घ्या.

हाच हिशोब दुसऱ्या कामीही येतो. सोलर टाकीतलं पाणी 60 अंशांचं असतं आणि ते आपण विसाण घालून वापरतो. वरच्या चार माणसांना 60 अंशांचं पाणी लागतं जेमतेम 47-48 लिटर. म्हणजे दिवसाला 100 लिटरचा संच पुरून उरतो. तरीही विकणारे सर्रास 200 आणि 300 लिटरचे संच गळ्यात मारतात. शॉवर घेणारी माणसं असतील तर मात्र आकडा वाढवा. साध्या शॉवरला सहा मिनिटांत 45-50 लिटर पाणी सहज जातं.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, हिशोब यात धरू नका. चवथीला मूळ घरी पंधरा-वीस माणसं जमतात, पाऊसही असतो, आणि सगळ्यांना आरतीआधी अंघोळ उरकायची असते. त्या चार-पाच दिवसांसाठी मोठा संच घेतला तर तो वर्षभर अर्धा रिकामा राहतो. त्या दिवसांसाठी जुन्या घरांत भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आहेच. आमच्या सासूबाईंच्या न्हाणीत कोपऱ्यातल्या चुलीत तांब्याचं भाण बसवलेलं आहे. जाळ घालायचं तोंड भिंतीपलीकडे, बाहेरच्या अंगाला. चुडतं, सोडणं, करवंट्या, परसात जे पडेल ते जळण. धूर बाहेरच्या बाहेर जातो आणि आत फक्त पाण्याची वाफ. जुनं घर घेतलं असेल आणि त्यात भाण असेल तर मोडीवाल्याला विकून टाकण्याची घाई करू नका. 16 मे 2021 ला तौक्ते वादळाने ठिकठिकाणी झाडं आणि खांब पाडले आणि गोव्यात कित्येक घरांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या आठवड्यात आमच्याकडे शेजारची माणसंसुद्धा बादल्या घेऊन भाणावर येत होती.

दुसरं काम: छपरावर चढा

हे काम दुपारी बारानंतर स्वतः करा, फोटोवर विसंबू नका. गोव्यातली निम्मी घरं इथेच सोलरच्या यादीतून बाद होतात. कौलारू छपरावर टाकी आणि स्टँड ठेवता येत नाही. 200 लिटरचा संच पाण्यासकट 300 किलोच्या घरात जातो. न्हाणीवर किंवा मागच्या पडवीवर छोटा स्लॅब असेल तर ती जागा उत्तम, शिवाय नळही जवळ. स्लॅबचं घर असलं तरी गळती थांबवायला वर पत्र्याची शेड घातलेली असते, आणि मग सोलर ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. शेडच्या कडेला दक्षिणेकडे मोकळी जागा असेल तरच विचार करा.

मग माड बघा. सावली तर बघाच, पण नारळ कुठे पडतात तेही बघा. नव्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही. काचेच्या नळ्यांच्या संचात नळी थेट टाकीला जोडलेली असते आणि तिच्यात पाणी भरलेलं असतं. एका नारळाने एक नळी फुटली की सगळी टाकी तिथून रिकामी होते. सपाट काचेच्या जुन्या पद्धतीच्या पॅनेलवर नारळ पडला तर काच फुटते, पण पाणी तांब्याच्या नळ्यांत असल्यामुळे ते शाबूत राहतं. माड जवळ असेल तर मी सपाट पॅनेल घ्यायला सांगते. आभाळ मोकळं असेल तर काचेच्या नळ्या. ढगाळ दिवशी त्या थोडं जास्त पाणी तापवतात आणि स्वस्तही पडतात.

पाणी कुठलं वापरणार, हेही याच वेळी ठरवा. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीचं नळाचं पाणी असेल तर फारशी चिंता नाही. विहिरीचं असेल तर एकदा तपासून घ्या. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी आणि लोहयुक्त असतं. बादलीच्या तळाला तांबूस थर बसत असेल तर लोह, आणि तांब्याच्या जोडाखाली हिरवट डाग पडत असेल तर ते पाणी तांबं खातंय असं समजा. अशा घरी तांब्याच्या नळ्यांचं पॅनेल नको. किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारटपणा उतरतो आणि त्याने साध्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीलाही बारीक भोकं पडतात. तिथे आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्यावी.

तिसरं काम: निवड

गिझर. एकट्या-दुकट्याला 15 लिटरचा साठवणीचा गिझर पुरतो. 60 अंशांच्या 15 लिटरमधून विसाण घालून 38 लिटर अंघोळीचं पाणी होतं. 2 किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं लागतात. दोघं पाठोपाठ अंघोळ करणारे असतील तर 25 लिटरचा. आयएसआय चिन्ह आणि ऊर्जा बचतीचे तारे दोन्ही बघून घ्या. तारे जास्त म्हणजे तापलेलं पाणी उगाच गार होण्यात कमी वीज जाते. समुद्राजवळच्या घरात बाहेरचं आवरण पत्र्याचं नको, प्लास्टिकचं घ्या. आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते, म्हणून तिची किंमत आणि ती मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारा. विहिरीच्या पाण्यावर ती लवकर संपते.

झटपट पाणी देणारा 3 किलोवॉटचा छोटा गिझर मिनिटाला साधारण सव्वातीन लिटर अंघोळीचं पाणी देतो. 15 लिटरची बादली भरायला पाच मिनिटं लागतात. बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला तो सोयीचा आहे. शॉवरवाल्यांची मात्र निराशा होते.

गॅस गिझरबद्दल मी कडक आहे. न्हाणीच्या आत तो बसवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. जळताना हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. आणि गोव्यात पावसाच्या दिवसांत आपण काय करतो? दार लावतो, झडप बंद करतो, झरोक्याला प्लास्टिक लावतो. असे मृत्यू आपल्या देशात दर हिवाळ्यात होतात. बसवायचाच असेल तर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, वर छोटं छप्पर करून, आणि फक्त नळ आत आणा.

हीट पंप हे नाव गोव्यात अजून हॉटेलांबाहेर फारसं ऐकू येत नाही, पण घरात होमस्टे चालवणार असाल तर याची चौकशी जरूर करा. हवेतली उष्णता ओढून तो पाण्याला देतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते, आणि हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम चांगलं. गोव्याची हवा त्याला बाराही महिने मानवते. ऊन नसलं तरी, रात्र असली तरी तो चालतो. महाग आहे, आवाज करतो, आणि खाऱ्या हवेत त्याची जाळी गंजते, म्हणून किनाऱ्यावर लेप दिलेली जाळी मागून घ्या.

सोलर घ्यायचं ठरलंच तर एक गोष्ट पक्की करा: पावसाळ्यासाठी जोडसोय. टाकीतच विजेची कॉइल बसवून देतो असं विक्रेता म्हणेल. तसं करू नका. एका माणसाच्या अंघोळीसाठी मग अख्खी 100 किंवा 200 लिटरची टाकी तापवावी लागते. त्याऐवजी न्हाणीत एक छोटा गिझर ठेवा आणि सोलरचं पाणी त्यातून येऊ द्या. ऊन असेल तेव्हा गिझर बंद. अर्धवट ऊन असेल तेव्हा सोलरचं कोमट पाणी गिझर थोडंसंच वाढवतो. जुलैत सगळं काम गिझरचं. यासाठी तो गिझर गरम पाणी आत घेण्याजोगा हवा, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.

अनुदानाच्या नावाखाली मोठा घोळ होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छपरावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलांसाठी आहे. 3 किलोवॉट किंवा जास्त क्षमतेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते लागू नाही. दोन्ही एकच आहेत असं भासवून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुम्ही विजेची पॅनेलं बसवणारच असाल, तर छपरावरची मोकळी जागा त्यांनाच द्या आणि पाण्यासाठी साधा गिझर वापरा.

चौथं काम: वायर आणि अर्थिंग

हे यंत्र येण्याआधी उरकायचं काम आहे. जुन्या घरांत न्हाणीपर्यंत दिव्यापुरतीच बारीक वायर असते. गिझरला 16 अँपियरचा पॉइंट, मीटरच्या बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण), आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. शॉक बसू लागताच आरसीसीबी वीज तोडतो. ओल्या भिंतींच्या आपल्या न्हाण्यांत याला पर्याय नाही. वीज खात्याकडे तुमचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून घ्या आणि गरज असेल तर वाढवून घ्या. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

अर्थिंगचं गोव्यात एक वेगळं दुखणं आहे. जांभा खडक उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो आणि मग अर्थिंग नावापुरतंच उरतं. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये काम करेलच असं नाही. तपासणी उन्हाळ्यात करून घ्या, आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटी संध्याकाळी गिझरचं बटण बंदच ठेवा.

पाचवं काम: बसवण्याचा दिवस

नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा काळ. मे महिन्यात कारागीर लोकांची कौलं परतण्यात आणि प्लास्टिक बांधण्यात गुंतलेले असतात. घाईत केलेल्या कामाची परीक्षा मग लगेच जूनमध्ये होते.

आमची पहिली चूक इथे झाली. बसवायला आलेल्या मुलांनी स्टँडचे पाय थेट स्लॅबमध्ये भोकं पाडून बोल्टांनी आवळले. काम झकास दिसत होतं, मी चहा दिला, पैसे दिले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या खोलीच्या छताला बशीएवढा पिवळा डाग दिसला. चार दिवसांत त्याचं ताट झालं आणि मधोमध एक थेंब लोंबायला लागला. त्या पावसाळ्यात मुलाची खाट तीन वेळा हलवली. ऑक्टोबरात स्टँड उतरवून, भोकं बुजवून, जलरोधक लेप देऊन पुन्हा सगळं बसवलं. आता स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यांवर आहे. पाय ठोकळ्यांतच ओतलेले, स्लॅबला एकही भोक नाही. ठोकळे जड करा, कारण तौक्तेसारखा वारा टाकी हलवू शकतो. स्टँड गरम जस्ताचा जाड मुलामा दिलेला असावा. साधा रंगवलेला अँगल समुद्राकाठी भराभर सडतो.

कारागिरांच्या शेजारी उभं राहून या गोष्टी बघा. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी. सोलरच्या टाकीतून वर जाणारी हवेची नळी थंड टाकीच्या काठापेक्षाही वर गेलेली असावी, नाहीतर तिच्यातून पाणी सांडत राहतं. थंड पाण्याच्या नळीवर एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे गरम पाणी उलटं वरच्या टाकीत जात नाही. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसी किंवा पीपीआरची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची. साधी पीव्हीसी नळी वाकते आणि जोडांत सुटते. तिच्यावर फोमचं वेष्टण आणि त्यावर उन्हाने न फाटणारी पट्टी. ही नळी जितकी लांब तितकं सकाळी आधी गार पाणी येतं. पाऊण इंची नळीत मीटरला पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे 20 मीटर नळी असेल तर रोज पाच लिटर पाणी गेल्यावर गरम धार लागते. फ्लॅटमध्ये तळमजल्यावर राहत असाल आणि संच गच्चीवर असेल तर याचा विचार आधी करा, आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

शेवटचे पैसे देण्याआधी दोन दिवस वापरून बघा. वॉरंटी कार्डावर बसवल्याची तारीख, शिक्का आणि सही घ्या. संच, स्टँड, नळ्या आणि मजुरी यांचे आकडे बिलात वेगवेगळे मागा. नळीचे मीटर मोजून बघा, तिथेच जास्त आकारणी होते.

पहिल्या वर्षात

एप्रिल-मे मध्ये सोलरचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. घरात लहान मुलं असतील तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. पाऊस लागण्याआधी स्टँडचे बोल्ट आणि नळ्यांचे जोड बघून घ्या. काचेवर साचलेली धूळ आणि शेवाळ ओल्या फडक्याने पुसलं की ऑक्टोबरात फरक लगेच जाणवतो. नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाला आदल्या दिवशीचंच पाणी वापरायचं असतं. ते पहाटे चारला चटका देण्याइतकं गरम असेल तर टाकीचं आवरण चांगलं आहे. कोमट आलं तर वॉरंटी संपायच्या आत तक्रार करा.

घर महिनोन्‌महिने बंद ठेवणार असाल तर काचेच्या नळ्यांवर जाड कापड किंवा माडाचे झाप टाकून जा. परत आल्यावर भर दुपारी टाकी भरू नका. रिकाम्या नळ्या उन्हात अतोनात तापलेल्या असतात आणि थंड पाणी लागताच तडकतात. पहाटे उन्हं यायच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर नळ उघडा, हळूहळू भरू द्या, आणि हवेच्या नळीतून फुसफुस थांबेपर्यंत तिथेच थांबा.